डाव्या हाताची टिचकी

परवाना कचेरीचे साहेब तीनला येणार होते आणि अडीचला वहिनीचं अंगुस्तान हरवलं. बोटात घालायची एवढीशी पितळी टोपी, पण तिच्याशिवाय वहिनी सुईला हात लावत नसे. बाहेर चौकात चिलखती गाडी उभी, आत चार झग्यांच्या कडा उसवलेल्या, आणि सगळी कंपनी रंगमंचावर ओणवी होऊन टोपी शोधतेय, असा सगळा थाट होता.

"उद्या कुणी विचारलं कंपनी कशानं बुडाली, तर काय सांगायचं?" पायऱ्यांखाली डोकं घालून बारक्या म्हणाला. "सरकारनं नाही हो, टोपीनं!"

"भाऊजी, तोंड आवरा आणि हात चालवा," वहिनी म्हणाली.

"दोन्ही एकदम नाही जमत मला. म्हणून तर मला कधी नाचात घेतलं नाही."

एरवी यावर हशा पिकला असता. आज कुणी वरसुद्धा बघितलं नाही. शेवटी ताईनेच वहिनीचा उजवा हात धरून तिच्या डोळ्यांसमोर नाचवला. टोपी मधल्या बोटात होती, सकाळपासून तिथेच होती.

"काखेत कळसा," ताई म्हणाली.

"मला बोटात आहेसं वाटतच नाही हो ती," वहिनी ओशाळून म्हणाली आणि मुकाट्याने कडा शिवायला बसली.  

तीन भावंडांत बारक्या शेंडेफळ, दिवे आणि ध्वनी त्याच्याकडे. मधली ताई नाच बसवायची. थोरला दादा, वहिनीचा नवरा, घरात नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी एका प्रयोगाच्या शेवटी पडदा पाडायच्या ऐवजी तो पुढे आला होता आणि पकडून नेलेल्यांची नावं त्याने एकेक करून वाचली होती. अडतीस नावं. एकोणचाळिसावं आपलं व्हायच्या आत तो मागच्या दाराने गेला तो गेलाच. तेव्हापासून दर पंधरवड्याला सरकारची दोन माणसं घरी यायची, आरामात बसायची आणि काही निरोप आला का विचारायची. ठावठिकाणा माहीत असून सांगितला नाही तर सात वर्षं तुरुंग. म्हणून घराने आपला एक नियम केला होता: कुणी कुणाला काही विचारायचं नाही. ठाऊकच नसलं तर तोंडातून निघणार काय?

असल्या दिवसांत ताईने नवा नाच बसवला तो 'सुट्टीचा दिवस'. उशिरापर्यंत लोळणं, ऊन ऊन पाण्याने आंघोळ, चहा, कुणाची तरी वाट बघणं, आणि ते माणूस आल्यावर खोलीभर नाचणं. बस. परवान्याच्या अर्जात 'हेतू' असा रकाना होता. ताईने त्यात लिहिलं, 'आनंद'.

त्यावरून महिनाभर घरात दोन तट पडले होते. बारक्या म्हणायचा, "व्यायाम लिही, आरोग्य लिही. आनंद कसला लिहितेस? ह्या दिवसांत आनंद झालाय म्हटलं की पहिला प्रश्न, कशाचा झाला?" वहिनी त्याच्या बाजूने. वहिनीची पोरगी, भिंगरी, आत्याच्या बाजूने. एकोणीस वर्षांची, आणि नावाप्रमाणेच एका जागी न ठरणारी.

"लोक पाय पसरून बसायचं विसरलेत," ताई म्हणायची. "मला ते आठवण करून द्यायचंय. एवढंच."

"आणि आपले पाय बांधून नेले म्हणजे?" वहिनी विचारायची. ताई ठेका मोजायला लागायची.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मागचं दार वाजलं.

*

साहेब एकटे नव्हते, ही पहिली वाईट गोष्ट. बरोबर एक तरुण बाई होती, कचेरीतली कारकून. हातात वही, काखेत फाईल, चेहरा इस्त्री केलेला.

साहेबांचं नवल नव्हतं. नऊ वर्षं ते याच कंपनीत झांजा वाजवत होते. तेव्हा त्यांना सगळे झांज्या म्हणायचे. दादाने त्यांना दोनदा काढलं होतं आणि दोनदा हाताला धरून परत आणलं होतं. याच घरचं अन्न खाऊन ते परवाना कचेरीत लागले, आणि आता खुर्ची पुसल्याशिवाय बसत नव्हते.

"या, बसा," ताई म्हणाली. "चहा?"

"नको बाई. सुरू करा," साहेब म्हणाले. आयुष्यभर ताई म्हणत आलेला माणूस. ताईला ते बाई कानफटात बसल्यासारखं लागलं.

ती विंगेत आली. भिंगरी पायाची बोटं मोडत उभी होती.

"चहाची जागा भरलीस का?" ताईने दबक्या आवाजात विचारलं.

"भरली आत्या. तळमजल्यावरचे घड्याळवाले आजोबा. कप असा डोळ्याजवळ धरून बघतात बघ, आतलं यंत्र बघावं तसे."

ताईने मान डोलावली. ही ह्या घराण्याची जुनी खोड. कंपनी काढली ती तिघा भावंडांच्या आईने, आणि तिचा दंडक होता की मनाने रचलेली हालचाल रंगमंचावर आणायची नाही. जिवंत माणसाची लकब बघायची, टिपायची, आणि तीच नाचात घालायची. प्रत्येक नव्या नाचात प्रत्येकाने एक तरी नवी टिपून आणायची. त्यामुळे या घरात पाहुणे फार वेळ बसत नसत. आपण शिंकलो तर सहा महिन्यांनी ती शिंक तिकीट काढून बघावी लागेल, ही भीती.

*

भिंगरीला लोळण्याचा भाग आवडायचा. पाठ जमिनीला टेकली की भीती थोडी उतरायची. आठ दिवसांपासून तिच्याकडे एक गोष्ट होती, आणि ती कुणाला सांगायची नव्हती. आठ दिवसांपूर्वी एका परक्या खोलीत, एक कप चहा संपेपर्यंत, ती बाबांसमोर बसली होती. बोलणं जवळजवळ झालंच नाही. ती फक्त बघत राहिली. मग कुणीतरी दार वाजवलं आणि भेट संपली. बाबा आता तिथेही नव्हते.

आंघोळीचा भाग संपला. बारक्याकाकाने वरून पिवळा उजेड सोडला. ती स्टुलावर बसली. समोर खोटा कप. घड्याळवाले आजोबा, तिने मनाशी म्हटलं, कप डोळ्याजवळ. वाद्यांचा ठेका आला, चार, पाच, सहा.

आणि तिचा डावा हात पुढे गेला. डाव्या हाताच्या नखाने तिने कपाच्या कडेवर तीन टिचक्या मारल्या. चहा प्यायली. मग डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, झोपलेलं मूल उचलावं तसा अलगद उचलला आणि मांडीवर ठेवला.

ठेवल्यावर तिला कळलं आपण काय केलं. तोवर शरीर पुढच्या ठेक्यावर गेलं होतं.

*

वहिनीच्या हातातला झगा खाली पडला.

त्या टिचक्या तिच्या होत्या. म्हणजे तिच्यामुळे सुरू झालेल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला एकच चमचा साखर सांगितली होती आणि ती एकच घालायची. तिची पाठ वळली की हे महाशय दुसरा चमचा घालणार, आणि ढवळल्याचा आवाज झाकायला कपावर टिचक्या मारणार! वीस वर्षं तिने ते न कळल्यासारखं केलं. सगळ्या कंपनीला ती लकब पाठ होती. पण उजव्या हाताची. कायम उजव्या.

डाव्या हाताने का? उजवा हात असा मेल्यासारखा का?

ते तिला एकदम कळलं. कळलं तेव्हा आधी एकच गोष्ट कळली: जिवंत आहेत. आठ दिवस, पंधरा दिवस, कधीतरी परवापर्यंत जिवंत होते, चहा पीत होते, आणि पोरीने ते बघितलं. वहिनीला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट कळली. त्यांच्या उजव्या हाताचं कुणीतरी वाटोळं केलं होतं. आणि मग तिसरी: हे जे मला विंगेतून कळलं, ते समोरच्या खुर्चीतून झांज्याला कळलं नसेल?

"थांबा," हॉलमधून आवाज आला. साहेबांचा नव्हे, त्या कारकून बाईचा.

*

संगीत थांबलं. वर दिव्यांच्या माचावर बारक्याने मुख्य खटक्यावर हात ठेवला. दाबला असता तर सगळीकडे अंधार झाला असता, आणि चोराच्या मनात चांदणं आहे हे बाहेरच्या चिलखती गाडीलासुद्धा कळलं असतं. त्याने खटका दाबला नाही. हातही काढला नाही.

"ते चहाचं पुन्हा करा," कारकून बाई म्हणाली.

भिंगरीने केलं. तीन टिचक्या, घोट, हात उचलून मांडीवर. 

बाईने फाईल उघडली आणि बाराखडी वाचावी तसं वाचलं. "फरारी इसम. ओळखीच्या खुणा. क्रमांक चार. चहा पिण्यापूर्वी कपाच्या कडेवर नखाने तीन वेळा टिचकी मारतो. उजव्या हाताने."

"माझा भाऊ तो," ताई पुढे आली. "आणि हिचा बाप. बापाची लकब पोरीने उचलली, तर त्यात एवढं काय?"

"जुनी उचलली तर उजवी हवी. डावी का?"

"प्रेक्षक समोर बसतात. आम्ही सगळं आरशासारखं बसवतो." ताईने डोळ्याला डोळा भिडवून थाप मारली. असं कंपनीत कधीच नव्हतं, कुठल्याच कंपनीत नसेल.

कारकून बाईने साहेबांकडे बघितलं. "असं असतं?"

साहेबांनी नऊ वर्षं या रंगमंचाखाली बसून झांजा वाजवल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असतं," ते म्हणाले.

पण साहेब उठले होते. ते रंगमंचाच्या कडेला आले आणि भिंगरीच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले.

"हा हात कुणाचा?" त्यांनी हळू विचारलं. "दादाला ही लकब नव्हती. आरशात नवी लकब कुठून आली?"

त्यांच्या आवाजात काय होतं ते ताईला कळेना. चौकशी होती की काळजी होती? कारकून बाईची पेन्सिल वहीवर थांबली होती. भिंगरीचे ओठ हलले. ती आता सांगणार, ताईच्या मनात आलं, खोटं बोलायला ती शिकलेलीच नाही, आपणच शिकवलं नाही हिला.

"माझा आहे तो हात."

वहिनी विंगेतून बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा ती दिव्यांसमोर आली होती. पदराला सुया टोचलेल्या, केस विस्कटलेले, आणि उजवा हात खांद्यापासून लोंबत सोडलेला.

"हिवाळ्यापासून असंच चाललंय," ती म्हणाली. "सकाळी उठावं तर लाकूड नुसतं. उचलून ठेवावा लागतो. पोरगी रोज बघते. बघितलं की टिपायचं, ही खोडच आहे या घराला. बापाची टिचकी घेतली, आईचा हात घेतला, चहा केला. विचारायचं होतं ते मला विचारायचं. कोवळ्या पोरीला काय दरडावता?"

"कुणाला दाखवलात?" कारकून बाईने विचारलं.

"दाखवून काय? सुई सोड म्हणतील."

"मग शिवता कशा?"

"डाव्याने."

ताईने डोळे मिटले. अगं बाई, एवढं पुढे कशाला गेलीस!

"सही करा बघू," कारकून बाई म्हणाली आणि परवान्याचा कागद पुढे केला. "कंपनीतल्या सगळ्यांची लागतेच. तुमची आधी होऊ दे."

वहिनी स्टुलावर बसली. डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरून उचलला आणि मांडीवर ठेवला, पोरीने केलं होतं अगदी तसा. तिने ते दोनदाच बघितलं होतं. पण वीस वर्षं ती या घरात राहिली होती, काहीतरी अंगाला लागलंच असणार. मग तिने डाव्या हातात पेन धरलं.

सहीला फार वेळ लागला. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी पडली. कागद दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा मांडीवरचा उजवा हात तो धरायला गेला नाही. ताई ते बघत होती. महिनाभर जिच्याशी भांडली, जिला मनातल्या मनात भित्री म्हटलं, तिच्याकडे ती आता तोंडात बोट घालून बघत होती.

कारकून बाई सही वाचायला खाली वाकली. त्याच क्षणी साहेब मध्ये आले. त्यांनी आपली डोक्यावरची टोपी काढली आणि सहज ठेवावी तशी वहिनीच्या मांडीवर ठेवली, उजव्या हातावर.

"शिक्का द्या इकडे," ते कारकून बाईला म्हणाले. "बॅगेत आहे. खुर्चीजवळ."

ती खुर्चीकडे गेली. साहेब वाकले. तोंड जवळजवळ न हलवता ते बोलले.

"वहिनी, अंगुस्तान."

 उजव्याच हाताच्या मधल्या बोटात ते होतं. तिला वाटतच नव्हतं ते आहे म्हणून. टोपीखाली अंगठ्याने ढकलून तिने ते काढलं.

"डाव्या बोटात घालत जा," साहेब म्हणाले. "उद्यापासून दररोज हीच येणार आहे. मी नाही." आणि मग, आणखी हळू, "हात फार वाईट झालाय का त्याचा?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. ते खरंच होतं.

शिक्का बसला. 'हेतू' समोरचं 'आनंद' कुणी खोडलं नाही. साहेबांनी टोपी उचलली, झटकली, आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. चिलखती गाडी मात्र जागची हलली नाही.

*

सगळे पोशाखाच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. चार झगे तसेच पडले होते. पहिला खेळ उद्या चारला होता.

वहिनीने डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला घेतला. सात वेळा हुकला. उजवा हात आपसूक वर यायचा आणि ती त्याला दटावल्यासारखी खाली दाबायची.

"अगं, आता कुणी नाही इथे," ताई म्हणाली. "उजव्याने शीव."

"खिडकी आहे. रस्ता आहे. पंधरवड्याला ते दोघं येतात. शेजारीपाजारी आहेत." वहिनी मोजून बोलल्यासारखी बोलत होती. "एकदा विसरले की पोरगी गेली. आणि तिच्या मागून... नाही ताई. उजवा आता नाहीच."

"किती दिवस?"

"त्यांचा नाही तोपर्यंत."

 बारक्याने वहिनीच्या हातातून सुई काढून घेतली, दोरा ओवला आणि झगा मांडीवर घेऊन वेडेवाकडे टाके घालू लागला.

"आनंद लिहू नको म्हणालो होतो मी," तो झग्याकडे बघत म्हणाला.  "पण आता नाच तर होणारच. झाला पाहिजे. आता थांबलो तर ती कारकून बाई म्हणेल, काय झालं हो, का घाबरलात?"

"तोंड आणि हात एकदम चालतायत की, भाऊजी," वहिनी म्हणाली. तो हसला आणि मग त्याला रडू आलं, तेव्हा ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला बाहेर नेलं. दार ओढून घेताना तिने माय-लेकींकडे एकदा बघितलं.

भिंगरी कोपऱ्यात बसली होती. अजून नाचाच्याच कपड्यांत.

"आई, मी मुद्दाम नाही गं केलं. मी आजोबांचं करणार होते. हातच गेला."

"माहीत आहे."

"मी सगळ्यांना मारलं असतं."

"असतंस," वहिनी म्हणाली. तिला खोटं बोलवेना. तिने किटलीतला चहा दोन कपांत ओतला, डाव्या हाताने, अर्धा बशीत सांडला. "पी. गार होतोय."

 बाहेर कुणाचे तरी बूट रस्त्यावरून गेले आणि ते लांब जाईपर्यंत दोघींनी कप तोंडाला लावला नाही.

घराचा नियम होता. कुठे, कधी, कुणी नेलं, हाताला काय झालं, यातलं काही विचारायचं नव्हतं. वहिनीने ते काहीच विचारलं नाही. बूट ऐकू येईनासे झाल्यावर तिने फक्त साखरेचा डबा पुढे ओढला.

"किती घेतात?" तिने विचारलं.

भिंगरीने आईकडे बघितलं. मग दोन बोटं वर केली.

"अजून दोन!"

"हो. आणि आई, तिथे अडवायला कुणी नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच. तरी दुसरा चमचा घालताना त्यांनी आधी मागे वळून बघितलं. आणि मग टिचक्या मारल्या."

वहिनीने तोंडावर पदर धरला. हसतेय की रडतेय ते भिंगरीला कळेना, आणि तिने ते टिपायचा प्रयत्नही केला नाही. बऱ्याच वेळाने वहिनीने पदर काढला, आपल्या कपात एक चमचा साखर घातली, मग दुसरा घातला, आणि डाव्या हाताच्या नखाने कपाच्या कडेवर तीन टिचक्या मारल्या. पहिल्या दोन चुकल्या. तिसरी वाजली.